डाळिंबाला मोहोर येतो का?

प्रश्न असा आला आहे: फळबागांच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘डाळिंबाला मोहोर आला की’ असं लिहिलं. सोलापूरकडच्या एका बागायतदारांनी ‘मोहोर’ खोडून ‘बहर’ केलं. दोन्हींचा अर्थ फुलं येणं हाच ना? आणि वनस्पतिशास्त्रातला ‘फुलोरा’ हा शब्द दोन्ही ठिकाणी वापरला तर वाद मिटेल का?

बागायतदारांचं बरोबर आहे. ‘फुलोरा’ घातल्याने वाद मिटणार नाही, कारण त्याचा अर्थ आणखी तिसराच आहे.

आधी मोहोर. मराठीत मोहोर कोणाकोणाला येतो ते आठवून पाहा: आंबा, काजू, कडुनिंब. आंब्याच्या डहाळीच्या टोकाला फांद्याफांद्यांचा एक झुपका निघतो आणि त्यावर शेकडो, कधी हजारांवर बारीक फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नरफुलं, म्हणून ढीगभर मोहोर येऊनही कैऱ्या मोजक्याच धरतात. काजू आणि कडुनिंब यांचीही घडण तशीच, फांद्या फुटलेल्या झुपक्याची. एकेकटं फूल डोळ्यांत भरत नाही, दिसतो तो सगळा झुपका, आणि त्याला आपण मोहोर म्हणतो. म्हणून तो ‘फुटतो’, ‘करपतो’, ‘गळतो’. तुडतुडे पडतात तेही मोहोरावर. मोहोर हे एका दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूचं नाव आहे.

डाळिंबाचं तसं नाही. फांदीच्या टोकाशी एक, दोन, फार तर चारपाच फुलं, आणि प्रत्येक फूल लालभडक, जाड, स्वतंत्र. संत्री, मोसंबी, लिंबू यांचीही फुलं पानांच्या बगलेत एकेकटी किंवा लहान पुंजक्यांत येतात. झुपकाच नाही, तर मोहोर कुठून येणार? वनस्पतिशास्त्राचं पुस्तक न उघडता आपल्या बोलीने हा भेद नेमका टिपला, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग बहर म्हणजे काय? मूळ फारसी शब्द ‘बहार’, म्हणजे वसंत. मराठीत त्याची दोन रूपं झाली. ‘गाण्याला बहार आली’ मधली बहार स्त्रीलिंगी, आणि झाडावर येणारा बहर पुल्लिंगी. (फळबागेच्या लिखाणात बहराला ‘बहार’ही म्हणतात, ते रूढ आहे.) वसंताचा हा काळवाचक अर्थ आपल्या बहरातही शिल्लक आहे. बहर म्हणजे फुलं नव्हेत, फुलं येण्याची लाट. डाळिंब, संत्री, मोसंबी, लिंबू ही झाडं वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलतात, म्हणून यातली कोणती लाट ठेवायची ते माणूस ठरवतो. बागेचं पाणी तोडून ती ताणावर सोडायची, पानगळ झाली की खत-पाणी देऊन बहर फोडायचा. याला म्हणतात बहर धरणं. ‘मोहोर धरला’ असं मात्र आपण म्हणत नाही. मोहोर ‘येतो’.

या बहरांची नावंही पाहण्यासारखी आहेत. जून-जुलैतला मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहर ही नक्षत्रांवरून पडलेली नावं. आणि जानेवारी-फेब्रुवारीतला? आंबे बहर, विदर्भात आंबिया बहार. याचा आंब्याच्या फळाशी काही संबंध नाही. आंबा ज्या दिवसांत मोहोरतो त्या दिवसांत धरलेला डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहर तो आंबे बहर. म्हणजे आंब्याच्या मोहोराने बहराला नाव दिलं, पण आंब्याला मात्र मोहोरच येत राहिला. हे दोन शब्द एक नाहीत याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

लिंगाचा आणि लेखनाचा एक मुद्दा. आंब्याचा ‘मोहर’ असंही लिहितात, ते चूक नाही. पण सोन्याची मोहर किंवा शिक्क्याची मोहर हा फारसीतून आलेला वेगळा, स्त्रीलिंगी शब्द आहे. म्हणून फुलांसाठी मी ‘मोहोर’च लिहितो.

तुरा हा शब्द आकारावरून आणि जागेवरून आला आहे. पगडीवर तुरा, कोंबड्याच्या डोक्यावर तुरा, तसाच उसाच्या शेंड्याला तुरा. तो आला की उसाची वाढ थांबते, म्हणून शेतकऱ्याला त्याचा आनंद नसतो. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा नरफुलांचा, दाणे भरतात ते खालच्या कणसात. तुळशीचा सडपातळ, सरळ दांडा तो मंजिरी, खेड्यापाड्यांत मंजुळा.

आता फुलोरा. वनस्पतिशास्त्रात फुलोरा किंवा पुष्पबंध म्हणजे अक्षावर, म्हणजे दांड्यावर, फुलांची जी मांडणी असते ती. या अर्थाने मोहोर, तुरा, मंजिरी हे सगळे फुलोऱ्याचे प्रकार. बहर मात्र नाही, कारण ती मांडणी नव्हे. आणखी गंमत अशी, की आपण ज्यांना बिनदिक्कत ‘फूल’ म्हणतो ते झेंडू, शेवंती, सूर्यफूल हेही फुलोरेच आहेत. झेंडूची ‘पाकळी’ उपटली की तळाशी काळी काडी येते ना? तेच पुढे बी म्हणून पेरतो, कारण ती पाकळी स्वतःच एक अख्खं फूल असते. अशा गच्च फुलोऱ्याला परिभाषेत स्तबक म्हणतात. केळफूलही फूल नव्हे, जांभळ्या आवरणांखाली फुलांच्या ओळी दडवलेला फुलोराच. आणि ‘उंबराचं फूल’ दुर्मिळ का, तर उंबराचा फुलोरा फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत मिटलेला असतो.

शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘हरभरा फुलोऱ्यात आहे’ म्हणजे फुलं लागण्याची अवस्था, अजून घाटे धरायचे आहेत. नवरात्रात देवीवर बांधतात तो कडाकण्यांचा फुलोरा तर खाण्याचा.

तेव्हा पत्रकात ‘डाळिंबाचा बहर फुटल्यावर’ असं लिहा. त्याच पत्रकात पुढे आंबा असेल तर तिथला ‘मोहोर’ राहू द्या, आणि काटछाट करताना दोन्हींना एका शब्दात बसवू नका.