कुत्र्याला ‘झोपवणं’, ‘इच्छामरण’ की ‘दयामरण’?

प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या म्हाताऱ्या लॅब्राडोरचे मागचे पाय गेले आहेत, मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता तुम्हीच ठरवा.’ घरात कुणी त्याला ‘झोपवणं’ म्हणतं, कुणी ‘इच्छामरण’, आजी मात्र सरळ ‘मारणं’ म्हणतात. यातला योग्य शब्द कोणता, आणि घरातल्या लहान मुलीला काय सांगायचं?

नाम हवं असेल तर दयामरण. इच्छामरण इथे बसत नाही. इच्छामरण भीष्मांचं. शंतनूने वर दिला आणि शरपंजरी पडूनही उत्तरायणापर्यंत थांबायचं हे भीष्मांनी स्वतः ठरवलं. मरणाऱ्याची इच्छा नसेल तर त्या शब्दात काही उरत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने, पुढे शुद्ध हरपली तर आपल्यावर कोणते उपचार चालू ठेवू नयेत हे माणसाने आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. त्याला इच्छामरण म्हणणं शोभतं. त्याआधी २०११ मध्ये, वर्षानुवर्षं रुग्णालयात अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा दोन्ही शब्द सरसकट वापरले गेले. पण त्यांना स्वतःची इच्छा सांगताच येत नव्हती. म्हणजे तिथेही प्रश्न दयामरणाचाच होता. कुत्र्याच्या मरणाला इच्छामरण म्हटलं की निर्णय जणू त्यानेच घेतला असं होतं. निर्णय तुमचा आहे, आणि ‘दया’ या शब्दात तो तुमच्याकडेच राहतो.

आजींच्या शब्दाला मी चूक म्हणणार नाही. ‘मरणे’चं प्रयोजक रूप ‘मारणे’च होतं. पण मराठीत ‘मरू देणे’, ‘मरण देणे’ आणि ‘मारणे’ असे तीन वेगळे प्रयोग आहेत, आणि तुमच्या घरात जे घडणार आहे ते मधलं आहे. ‘मारणे’ला कशासाठी मारलं याचं सोयरसुतक नसतं. इथे तर सगळं त्या ‘कशासाठी’वरच अवलंबून आहे.

आजींना गांधीजींची एक गोष्ट जरूर सांगा. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववलं आणि ‘नवजीवन’मध्ये तसं लिहिलंही. केवढा गदारोळ झाला! त्यांचं म्हणणं होतं की ही अहिंसाच आहे. त्याच लेखात पुढे आश्रमातल्या पिकाची नासधूस करणाऱ्या माकडांचा विषय आहे. त्यांना मारलं तर मात्र ती हिंसा, कारण ते आपल्या फायद्यासाठी असेल. वासराचं मरण वासरासाठी होतं. ही कसोटी मला अजूनही सगळ्यात खरी वाटते.

आता ‘कधी’बद्दल. आपल्या भाषेत एक फार उपयोगी गोष्ट आहे, शक्य क्रियापद, म्हणजे एखादी क्रिया करणं कर्त्याला जमतं का हे सांगणारं. ‘त्या आजारी माणसाला आता थोडे बसवते’ हे वाक्य शाळेच्या व्याकरणात आपण सगळ्यांनी वाचलं आहे. यात कर्ता चतुर्थीत जातो. (‘आम्ही त्याला उठवत नाही’ हे प्रयोजक, आणि नुसतं ‘त्याला उठवत नाही’ हे शक्य.) अशा घरांतली बोलणी लक्ष देऊन ऐका. ‘आम्हाला त्याच्याकडे बघवत नाही’ हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नसतं, पण त्यातला कर्ता ‘आम्ही’ असतो. त्या वाक्यावर निर्णय झाला तर घाई होऊ शकते. उलट ‘मला हा निर्णय घेववत नाही’ यावर गाडी अडली तर कुत्र्याचे हाल आठवडेच्या आठवडे लांबतात. निर्णय ज्या वाक्यांवर घ्यायचा त्यांचा कर्ता ‘तो’ असला पाहिजे. त्याला उठवतं का? खाववतं का, की मूत्रपिंडांमुळे सतत मळमळतं म्हणून तो वाटीपासून तोंड फिरवतो? लघवी झालेल्या जागेवरून बाजूला सरकवतं का, की तिथेच पडून कातडीला जखमा होत आहेत?

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली मोजपट्टी नेमकी हेच विचारते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, स्थिती जितकी बरी तितके जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणं रास्त. सातही प्रश्न त्याच्याबद्दल आहेत, एकही आपल्याबद्दल नाही. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण लिहून मग एकत्र बसावं, आणि आजींनाही त्यात घ्यावं.

मुलीला ‘झोपवलं’ म्हणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. दवाखान्यात दात साफ करायला किंवा ऑपरेशनलाही ‘झोपवावं लागेल’ म्हणतात, आणि त्या झोपेतून कुत्रं परत येतं. ती वाट पाहील. कदाचित स्वतः झोपायला घाबरेल. शिवाय आधी गुंगीचं औषध देऊन मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस दिला की काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं, पण डोळे बहुधा उघडेच राहतात, क्वचित एखादा स्नायू थरथरतो. ‘झोप’ ऐकून आलेलं मूल, आणि मोठं माणूसही, ते पाहून हादरतं. तिला म्हणा, ‘त्याचं शरीर आता बरं होणार नाही, त्याला खूप दुखतंय. डॉक्टर औषध देतील, त्याने त्याचं दुखणं थांबेल आणि तो मरेल.’ ‘मरेल’ हा शब्द गाळू नका.

नंतर लोकांना कळवताना ‘वारला’ म्हणायचं की ‘मेला’? ‘वारणे’ आपण माणसांसाठी वापरतो. घरच्या कुत्र्याला ‘मेला’ म्हणवत नाही, हेही खरं. ‘गेला’ दोघांनाही चालतं आणि घरोघरी तेच म्हणतात. कुणी कसा गेला विचारलं तर ‘आम्ही त्याला मरण दिलं’ म्हणायला कचरू नका. ‘इंजेक्शन दिलं’ एवढंच म्हणालात तरी ऐकणाऱ्याला बहुतेक कळतं.