हजेरी घेताना मान वर कर

नाशिक,
मे महिनाअखेर

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

सुरगाणा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा तुला मिळाली हे ऐकून फार आनंद झाला. तुझ्या आईला मात्र घोर लागलाय. कायम होण्याआधी तीन वर्षं शिक्षण सेवक, महिन्याला १६,००० मानधन आणि घर इतकं लांब. तिची काळजी खोटी नाही. खोली आणि पाण्याची सोय स्वतः बघितल्याशिवाय सामान हलवू नकोस. बाकी हे पत्र शाळेविषयी.

मुलांवर संस्कार कसे करायचे, असं तू फोनवर विचारलंस. परिपाठ घे, प्रतिज्ञा म्हणून घे, थोरांच्या जयंत्या कर, आणि मनापासून कर. पण शाळेत आपली गणती होते की नाही, हे मूल कुठल्याही सुविचाराच्या आधी ओळखतं. बाईंनी कुणाचं नाव घेतलं, कुणाचं उत्तर पूर्ण ऐकलं, कोण आलं नाही म्हणून कुणाकडे चौकशी केली, हे सगळं पोरं बघत असतात. पुढे गावात आणि घरात ती तशीच वागतात. म्हणून हजेरी घेताना पटात डोकं घालून नावं वाचत जाऊ नकोस. मान वर कर आणि जे पोर दिसत नाही त्याच्याबद्दल वर्गाला विचार.

तुझ्या भागात हा प्रश्न दिवाळीनंतर खरा उभा राहील. पाऊस तिथे उदंड, पण उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण. भात, नागली, वरई निघाली की शेतात काम उरत नाही. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात. मग घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात. घडांची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग जानेवारीपासून तोडणी. आईबाप बागेत, मोठी बहीण खोपटात धाकट्याला सांभाळत. त्या बहिणीचं नाव तुझ्या पटावर चौथीत असतं. काही घरं शिमग्याला परततात, काही त्यानंतरही पुन्हा जातात. दुसरं सत्र तिच्या हातून निसटतं, आणि दोन-तीन वर्षं असं झालं की ती शाळेतूनच निसटते. कुणी तिला काढून टाकलेलं नसतं, म्हणून कुणाला ते टोचतही नाही. मला ते फार टोचतं.

तेव्हा दसऱ्यापासूनच पाड्यावर जायला लाग. कोणतं घर कुणाच्या टोळीत जाणार, कुठल्या गावी, मुलं बरोबर जाणार की आजीजवळ राहणार, हे वहीत लिहून ठेव. आजीजवळ राहू शकत असेल तर आजीशी बोल, बापाशी नंतर. घरी बघणारं कुणी नसेल तर हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या मागे वेळेत लाग. दिवाळीनंतर प्रस्ताव पाठवून उपयोग नसतो. जे मूल जाणारच त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे ते दाखवून त्याला तिथल्या शाळेत बसता येईल, आणि ज्या गावी ते जातंय तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन कर. कागद ट्रंकेत राहतो, फोन केला तर माणूस वाट बघतो. तिथे कुणी दाखला मागून अडवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवायला सांग. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मूल परत आलं की पहिल्या दिवशी त्याला मागे बसवू नकोस. ‘किती बुडालं तुझं’ असं तर चुकूनही म्हणू नकोस. माझ्या वर्गात एक मुलगा बागेवरून आला होता. पुस्तकातला गुणाकार त्याला येईना, पण किती क्रेट भरले, क्रेटमागे किती किलो, बापाच्या रोजातून उचलीचे किती कापले, हा हिशेब तो तोंडी करायचा आणि अचूक करायचा. त्या आठवड्यात आम्ही सगळं गणित क्रेटवरच केलं. तो फळ्यापाशी उभा राहून इतरांना सांगत होता. अशा मुलाला काय येतं हे आधी शोध, काय येत नाही ते आपोआप कळेल. वयानुसार वर्गात बसवून मागे पडलेलं खास शिकवायचं, असं कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे. ती मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे.

भाषेचंही तसंच. पहिलीतली पोरं घरी कोकणा बोलतात. तुझी पुस्तकी मराठी त्यांना महिनाभर तरी परकी वाटेल आणि ती गप्प बसतील. त्यांना मंद समजू नकोस. त्यांच्या बोलीत त्यांना गोष्ट सांगू दे, तू ऐक, शब्द विचारून घे. बाई आपल्याकडून काही शिकतात, हे दिसलं की पोरं मोकळी होतात.

आता वर्गातल्या कामांबद्दल. झाडायला मुली आणि बेंच उचलायला मुलं, पाहुणे आले की चहा न्यायला सातवीच्या पोरी, हे तुझ्या शाळेत चालू असेल तर पहिल्याच आठवड्यात पाळ्या लाव. कुणी हसेल, हसू दे. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं तेही बघ. पाड्यापाड्यांत, जमातीजमातींतही वरखाली असतं. आपल्या पंचवटीत काळारामाच्या दारी २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालला. त्यात पुढे असलेले दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, आणि तुझी एस.टी. दिंडोरीवरूनच जाणार. देवळाचं दार उघडल्याने पंगतीतलं अंतर आपोआप मिटत नाही. ते शाळेत, रोज दुपारी, खिचडीच्या ताटाशी मिटवावं लागतं. तूही त्याच पंगतीत बसून जेव.

छडीबद्दल एवढंच की ती वर्गात आणूच नकोस. कायद्याने बंदी आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कागदांचं ओझं पडेल. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी नोंद, ऑनलाइन माहिती, फोटो, पुन्हा तीच माहिती. जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं कायद्यातही धरलेली आहेत, ती करावीच लागतील. पण सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत मोबाइल कपाटात ठेव. तो वेळ मुलांचा.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक हवेत आणि निम्म्या बायका. कागदावर त्या असतातच. सभा अकरा वाजता ठेवलीस तर सही घरी जाऊन घ्यावी लागेल, कारण त्या वेळी त्या रानात असतात. संध्याकाळी पाड्यावर ठेव. स्थलांतराचा विषय तिथेच काढ. मुकादमाच्या टोळीत कोण जाणार हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं, ही मागणी त्यात आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क ठरवणारा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. मध्ये किती पिढ्या गेल्या बघ. त्याच निवेदनात शिक्षक कसा हवा तेही आहे. वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा आणि खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळणारा. नेमणुकीचा आदेश हातात आल्यावर मला तुझ्यासाठी हेच आठवलं. हाच जिल्हा अशा माणसांनी शिकवलाय. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, १९३७ साली डांग सेवा मंडळ आदिवासी मुलांसाठी सुरू झालं. सगळं सोपं होईपर्यंत यांतलं कुणी थांबलं नाही.

पावसाळ्यात वाट खराब असते, तेव्हा पहिला महिना शनिवारी नाशिकला यायची घाई करू नकोस. त्या दिवशी पाडे फिर, घरं ओळखीची होतील. आणि दिवाळीच्या आत कोणतं घर निफाड, पिंपळगावकडे जाणार त्याची यादी मला पाठव. तिकडच्या काही मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. मी त्यांच्याशी बोलून ठेवते, म्हणजे आपली पोरं तिथे पोचतील त्या दिवशी त्यांना वर्गात जागा असेल.

तुझ्या बाई