मी कायम नाही, मग तक्रार कशी करू?

नोकरी कायम नाही, हातात पुरावा नाही आणि त्रास देणारा थेट विभागप्रमुख. अशा वेळी तक्रार करून हाती काय लागणार? तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवणाऱ्या प्राध्यापिका हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्यांदा विचारतात की उत्तर एका केसवरूनच देते. ओळख पटू नये म्हणून महिने आणि काही तपशील बदललेत. त्या बाईंची या लिखाणाला संमती आहे.

त्या आल्या ते एका विद्यार्थिनीचं निमित्त घेऊन. तिला एक सर रात्री मेसेज करतात, सगळे गेल्यावर केबिनमध्ये थांबवतात, तिला झोप लागत नाही, सकाळी कॉलेजला निघताना मळमळतं. मी ऐकत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आणि मॅडम, तिची ऑर्डर एप्रिलला संपते ना, मग पुढच्या वर्षी तिला घेणार कोण?" विद्यार्थिनीला नेमणुकीची ऑर्डर नसते. त्यांच्याही ते लक्षात आलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत थोडा वेळ गेला आणि मग 'तिला'चं 'मला' झालं.

प्रकार असा होता. मानधनाच्या मासिक बिलावर विभागप्रमुखांची सही लागते. ती सही दुपारी स्टाफरूममध्ये कधीच होत नसे. "साडेपाचला केबिनला या." मग साडीचं कौतुक, खांद्यावर हात, "तुमचं वर्कलोड माझ्याच हातात आहे, विसरू नका." रात्री अकराला "झोपलात का?" घरी कुणी पाहील या भीतीने त्या मेसेज लगेच पुसून टाकत. एका वरिष्ठ सहकाऱ्याला आडून विचारलं, तर सल्ला मिळाला, "वर्ष काढा, नेट-सेट झालं की बाहेर पडा." असा सल्ला देणारे वाईट नसतात, पण त्यांच्यामुळे माणूस महिनोन्‌महिने गप्प राहतो आणि कायद्यातली मुदत निघून जाते.

आधी 'कायम नाही' या भीतीबद्दल. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी कोण, याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. नियमित, तात्पुरती, हंगामी, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी काम करणारी, सगळ्या त्यात येतात. म्हणजे झाडलोटीला एजन्सीकडून आलेल्या मावशीही येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे वेगळे विनियम आहेत, त्यात महिला कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थिनीही येतात, पण तक्रार ऐकणारी कॉलेजातली समिती तीच. आमच्याकडे तिला अजून 'विशाखा समिती'च म्हणतात, १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून. कायद्यातलं नाव अंतर्गत समिती.

मुदत मात्र कडक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. घटना एकामागून एक घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नये. या बाईंना केबिनमधला शेवटचा प्रसंग होऊन दोन महिने उलटले होते.

मग पुराव्याचं. त्या सारख्या म्हणत, "मेसेज तर मीच पुसले." मी त्यांना कोरी वही दिली आणि नुसतं आठवेल तसं लिहायला सांगितलं. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी कोणता पेपर होता, कुणाची रजा होती, बिल कुठल्या महिन्याचं होतं. पुढच्या भेटीला आल्या तेव्हा सहा पानं भरली होती. त्यातून काय काय निघालं पाहा. प्रत्येक बिलावर सहीची तारीख होती आणि इतरांची बिलं त्याच महिन्यात चार-पाच दिवस आधी सही होऊन गेली होती. संध्याकाळचा तास नको म्हणून त्यांनी एका सहकारी बाईंशी अदलाबदल केली होती, त्याची नोंद होती. मैत्रिणीला पाठवलेला "आज परत थांबवलं गं" हा मेसेज मैत्रिणीच्या फोनमध्ये शाबूत होता. केबिनमध्ये कॅमेरा नाही, पण कॉरिडॉरमध्ये आहे. असं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायची मागणी तक्रारीतच करायची असते. फौजदारी खटल्यासारखं 'संशयातीत' सिद्ध करावं लागत नाही, कोणाचं म्हणणं जास्त संभाव्य वाटतं हे समिती पाहते. आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. या एका वाक्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "खोटं ठरवून मलाच काढतील" ही भीती त्या कुणाला बोलल्याच नव्हत्या.

तक्रार मी लिहून दिली नाही. समुपदेशकाने चौकशी करू नये आणि तक्रारीला आपले शब्दही देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. उद्या समितीपुढे बाईंना स्वतःच्या शब्दांत बोलायचं असतं, तिथे वकीलही चालत नाही. सहा प्रती काढायच्या, साक्षीदारांची नावं जोडायची, पोच घ्यायची, एवढं सांगितलं. कॉलेजच्या फलकावर समितीची नावं होती. त्यातल्या दोन बाई केव्हाच निवृत्त झालेल्या! फलक लावला की काम झालं, असं आपल्याकडे फार वेळा होतं. सध्याच्या अध्यक्ष कोण हे कार्यालयातून काढावं लागलं.

तक्रारीसोबत त्यांनी एक वेगळा अर्ज दिला, आणि माझ्या मते खरा आधार त्याचाच झाला. चौकशी चालू असताना अंतरिम दिलासा मागता येतो: बदली, हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा त्या व्यक्तीने आपल्या कामाचा अहवाल लिहू नये, देखरेख करू नये असा आदेश. त्यांनी रजा मागितली नाही. रजेवर गेलं की मुलांचा अभ्यासक्रम अर्धवट राहतो आणि बोट आपल्याकडेच दाखवलं जातं. बिलाची सही आणि वेळापत्रक उपप्राचार्यांकडे द्या, एवढंच मागितलं. ते मिळालं. त्या आठवड्यापासून सकाळची मळमळ कमी होत गेली. झोपेला वेळ लागला.

मध्ये एकदा समितीतल्या कुणीतरी "मिटवून घ्या ना, त्यांचंही वय झालंय" असं सुचवलं. तडजोड फक्त तक्रारदार बाईने मागितली तरच होते, समितीने पुढे सरकवायची गोष्ट नाही ती. त्यांनी नाही म्हटलं, तेही लेखी.

चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, ती जेमतेम संपली. विभागप्रमुखपद गेलं, वेतनवाढ रोखली, लेखी माफी. जूनमध्ये बाईंना पुन्हा ऑर्डर मिळाली, तेवढ्याच तासांची. स्टाफरूममध्ये मात्र दोघी-तिघी अजून बोलत नाहीत. नावं गुप्त ठेवणं सगळ्यांवर बंधनकारक असलं तरी कॉलेजात कळायचं ते कळतंच. त्या अजून येतात माझ्याकडे, आता याच विषयावर. कुणी डबा वेगळा खाल्ला तर ती तक्रारीची बाब नाही. तक्रारीचा राग काढून कुणी तास कमी केले तर मात्र आहे. हा फरक त्यांना आता बराचसा कळतो, आणि जिथे कळत नाही तिथे त्या विचारायला येतात.