स्पिटफायरमध्ये कॉन्टेसाचे इंजिन बसवावे का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः वीस वर्षांपूर्वी निवडले होते. आपल्याकडे आजोबांनी एका परदेशी अभियंत्याकडून घेतलेली १९६९ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे. पत्र्याचे काम आणि रंग झालेला आहे, मूळचे १२९६ सीसीचे इंजिन गरम झाले की ऑइलचा दिवा मिचमिचतो, आणि हिंगण्याचे आपले मिस्त्री म्हणतात की या इंजिनावर पैसे घालण्यापेक्षा भंगारातून हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा गाडीचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन गिअरबॉक्ससकट आणून बसवू, गाडी उडेल. मिस्त्रींचे म्हणणे खोटे नाही. गाडी खरोखरच उडेल. उडालेली गाडी कुठे आणि कशी उतरते याचा मला अनुभव आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

माझी गाडी स्पिटफायर नव्हती, स्टँडर्ड हेराल्ड होती. पण या दोघी सख्ख्या चुलत बहिणी. मद्रासला बनलेली हेराल्ड मूळची ट्रायम्फचीच, आणि स्पिटफायरचा सांगाडा हेराल्डच्या सांगाड्यावरूनच आखलेला आहे. पुढे उलटणारे अखंड बोनेट, मागचा आडवा पाटा, आतून उघडता येणारे गिअरबॉक्सचे झाकण, हे सगळे दोन्हीकडे सारखेच. तर त्या हेराल्डमध्ये मी हेच इसुझू इंजिन बसवले. चेन-पुलीला लटकवून इंजिन खाली उतरवायला एक दुपार पुरली आणि त्या संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये समोसे वाटले. त्यानंतरचे चार महिने मात्र ज्या कामांत गेले, त्यांतले एकही कुणी अंदाजपत्रकात धरलेले नव्हते. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते आधार, नवीन बनवावे लागले. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा लांब दांडा, कापून पुन्हा जोडावा लागला. तो बॅलन्स न केल्यामुळे ताशी साठच्या पुढे आरसा थरथरू लागला, म्हणून तो पुन्हा काढावा लागला. गिअरबॉक्स मोठा असल्याने आतले झाकण बसेना, त्याला पत्र्याचा उंचवटा करावा लागला आणि क्लचच्या पेडलवर पाय तिरका ठेवायची सवय लावून घ्यावी लागली.

सर्वांत महागात पडला तो इंजिनाचा चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे. चेसिसची आडवी पट्टी आड येत होती, म्हणून एका वेल्डरकडून चेंबर कापून उथळ करून घेतला. तेल शोषणारी नळीही त्यानुसार वर घेतली, पण चेंबरच्या आत आडव्या पट्ट्या घालायला हव्यात हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आले नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावर डावे वळण घेताना सगळे तेल एका बाजूला जायचे आणि नळी हवा ओढायची. दिवा क्षणभर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. मी समजत राहिलो की वायर ढिली आहे. वायर ढिली नव्हती. तीन आठवड्यांनी बिगएंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा, आवाज आला.

ते दुरुस्त केले तेव्हा डिफरन्शिअलने, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफने, दगा दिला. हेराल्डचे क्राऊन-पिनियन (डिफच्या आतली दातेरी चाके) ९४८ सीसीच्या इंजिनासाठी बनलेले होते, आणि मी त्याच्यावर जवळजवळ दुप्पट सीसीचा जोर पहिल्या गिअरमध्ये टाकत होतो. तेल काढले तेव्हा काळ्या तेलात मिठाईवरच्या वर्खासारखे चकचकीत कण तरंगत होते. इंजिनाचा जोर वाढवला की तो क्लच, गिअरबॉक्स, सांधे, डिफ, हाफ-शाफ्ट (डिफपासून चाकांकडे जाणारे दांडे) असा एकेक कच्चा दुवा शोधत मागे जातो. एक दुवा मजबूत केला की त्याच्या पुढचा तुटतो.

आता आपण म्हणाल की कंपन्यांनीही असे केले आहेच. केले आहे, आणि म्हणूनच त्यांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ब्रिटनच्या एमजी कंपनीने एमजीबी या गाडीच्या त्याच बॉडीत दोनदा मोठे इंजिन घातले. १९६७ मध्ये २९१२ सीसीचे ओतीव लोखंडाचे सहा सिलिंडरी इंजिन घालून एमजीसी काढली. ते इंजिन सुमारे ९५ किलो जास्त वजनाचे होते, त्याच्यासाठी पुढचे सस्पेन्शनच बदलावे लागले, नाक जड झाल्यामुळे गाडी वळणात सरळ जायला बघते अशी टीका झाली आणि दोन वर्षांत ती बंद पडली. पुढे १९७३ मध्ये त्याच बॉडीच्या जीटीमध्ये, म्हणजे पक्क्या छताच्या प्रकारात, ३५२८ सीसीचे रोव्हर व्ही-८ घातले. ते त्याहूनही मोठे, पण अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे नाकावरचा भार फारसा वाढला नाही आणि गाडी नीट चालली. दोन्हींतील फरक सीसीचा नव्हता, पुढच्या चाकांवरच्या किलोंचा होता. सनबीम कंपनीच्या अल्पाइन गाडीत फोर्डचे ४.२ लिटरचे व्ही-८ घालून १९६४ मध्ये टायगर आली, तेव्हा इंजिन इतके ठासून बसले की एका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याला) भोक ठेवून त्यावर रबरी बूच लावावे लागले, आणि जागेसाठी स्टिअरिंगची रचनाही बदलावी लागली. ज्या कंपनीकडे आरेखन विभाग होता तिला हे करावे लागले, तर आपल्या मिस्त्रींच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज करावा.

स्पिटफायरच्या बाबतीत मला सर्वांत जास्त भीती मागच्या चाकांची वाटते. मार्क ३ ला मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे हाफ-शाफ्ट डिफपाशीच वाकतात आणि चाक वर-खाली होताना शाफ्टबरोबर तिरपेही होते. वेगात वळण घेताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलली जाते, बाहेरचे चाक आत दुमडते, पकड एकदम जाते आणि गाडी मागून फिरते. ७५ अश्वशक्तीच्या गाडीतही हे होतेच. ट्रायम्फने याच सांगाड्यात १९९८ सीसीचे सहा सिलिंडरी इंजिन घालून जीटी-६ काढली, तेव्हा पहिल्या गाड्यांवर याच कारणासाठी टीका झाली आणि १९६८ च्या मार्क २ मध्ये मागचे सस्पेन्शन बदलावे लागले. पुढच्या ब्रेकचे डिस्कही जीटी-६ ला स्पिटफायरपेक्षा मोठे होते. अमरावती रोडवर समोरून एसटी येत असताना हे ज्ञान होणे बरे नव्हे.

यानंतर येतो आपला नागपूरचा उन्हाळा. इंजिन चाकांना जेवढी शक्ती देते, साधारण तेवढीच उष्णता ते रेडिएटरमध्ये टाकते, आणि रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर धरले, तर इंग्लंडातल्या २० अंशांच्या दिवशी हा फरक ७० अंशांचा असतो. मे अखेरच्या नवतप्यात ४६ अंश असताना तो ४४ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर इथे दोन-तृतीयांशाहूनही कमी काम करतो. मूळचे इंजिनच त्याला जड जाते, त्यात १.८ लिटरची भर घातली तर मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा दोन्ही लागतील. पंखा लावला की जुना डायनॅमो पुरत नाही. त्याची मजल २२ अँपियरपर्यंतच, आणि हेडलाइट व पंखा मिळून तेवढे सहज खाऊन टाकतात. मग अल्टरनेटर, मग नवीन वायरिंग. हेराल्ड घेऊन मी मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर उभा राहिलो आहे, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर घालायचे ओले फडके. मागच्या बसमधले प्रवासी सल्ले देत होते. ते सल्ले बरोबर होते, हे विशेष.

कागदपत्रांचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण तो टाळता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळू शकतो, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आपली गाडी आज या व्याख्येत बसते. इसुझू बसवले की बसणार नाही. शिवाय अपघात झालाच, तर प्रमाणपत्रावर एक इंजिन आणि बोनेटखाली दुसरे, ही गोष्ट विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिल्या पाच मिनिटांत लिहून घेईल. (त्याऐवजी मारुती जिप्सीचे इंजिन बसवायचे म्हटले, तर ते हलके आहे हे खरे, पण कागदाच्या बाबतीत त्याचीही गत तीच.)

मग करावे काय? माझ्या मते आपले मूळचे १२९६ चेच काम नीट करून घ्यावे. हा सल्ला मी भाबडेपणाने देत नाही. हे इंजिन ज्या घराण्यातले आहे ते १९५३ साली ८०३ सीसीपासून सुरू झाले, वाढत वाढत ९४८, ११४७, १२९६ आणि शेवटी १४९३ झाले. आपल्याकडच्या हेराल्डचे इंजिन याच घराण्यातले, त्यामुळे जुन्या मिस्त्रींच्या हाताला त्याची ओळख आहे. मोठेच इंजिन हवे असा आग्रह असेल, तर १४९३ हे एकच असे आहे ज्याच्यासाठी सांगाड्यात फारशी कापाकापी लागत नाही. पण त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली मजल, ८७.५ मि.मी., आपल्याचा ७६. ते खालून चांगले ओढते, मात्र समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर सतत वरच्या आरपीएमला ठेवले तर बेअरिंग खाते, अशी त्याची ख्याती आहे. त्याउलट मार्क ३ चा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, लहान जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग बारीक असलेला) आणि मोकळा फिरणारा आहे. या गाडीचा खरा आनंद त्यातच आहे.

काम काढताना क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप हे आलेच. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवून घ्या, कारण हे हेड शिशाच्या पेट्रोलच्या काळातले आहे आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झाले. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या फुगवून मऊ करते, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे दोन्ही एसयू कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतात. मधे अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक पट्टी नसेल, तर धरमपेठेत दहा मिनिटे गाडी उभी केल्यावर ती पुन्हा सुरू होणार नाही. ही पट्टी अनेक गाड्यांतून हरवलेली असते. पाहून घ्या.

या सगळ्याआधी एक तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून बोनेट उघडा, कुणाला तरी क्लच दाबून सोडायला सांगा आणि आपण क्रँकच्या पुलीकडे पाहा. पुली पुढे-मागे सरकलेली डोळ्यांना दिसली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. या इंजिनात ते झिजून चेंबरमध्ये पडतात आणि मग क्रँक ब्लॉकलाच खातो. ही हालचाल मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असावी, त्याहून जास्त असल्यास इंजिन एकदाही सुरू करू नका, गाडी ढकलूनच गॅरेजला न्या. डोळ्यांनी ठरत नसेल तर माझ्याकडे चुंबकी स्टँडसह डायल गेज आहे. रविवारी सकाळी सातच्या आत या, नंतर पत्र्याला हात लाववत नाही.