मुलींना खरंच लवकर समज येते का?

"मुलगी १२ ची, शहाणी. मुलगा १४ चा, सारखा भडकतो. मेंदूतच फरक असतो का?" असं एका पालकाने विचारलंय.

थोडा असतो. एमआरआयच्या अभ्यासात मेंदूचं एकूण आकारमान मुलींत सरासरी १०.५ व्या वर्षी, मुलांत १४.५ च्या सुमाराला सर्वाधिक झालेलं दिसलं. पण आकार म्हणजे अक्कल नव्हे. रागाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग दोघांचाही पंचविशीपर्यंत घडत असतो.

आमच्या मालवणात परवा भाच्याने मोबाइलवरून पडवीतली बादली लाथाडली. भाची मुकाट बांगडे साफ करत बसलेली. सगळे म्हणाले, "चेडवाक अक्कल आसा!" (मुलीला अक्कल आहे!) तिची बोटं मात्र इतकी थरथरत होती की बांगडा दोनदा हातातून निसटला. घरात त्याचा आरडाओरडा खपतो, तिचा नाही, हेही त्यात आलंच.

वयात आल्यावर नैराश्याचं प्रमाण मुलींत मुलांच्या साधारण दुप्पट आढळतं. तेव्हा तुमच्या शहाण्या मुलीलाही अधूनमधून विचारा. आणि मुलगा तापलेला असताना उपदेश नको. अर्ध्या तासाने, बंदरावर फिरताना बोला. आमच्याकडे तरी भाचा तेव्हाच तोंड उघडतो.