बाबांवर पहिल्यांदा लिहितोयस ना, मग एवढंच कर

वर्षश्राद्धाच्या आधी बाबांवर लिहायचंय म्हणतोस, नक्की लिही रे. मी माझ्या वडिलांवर, अण्णांवर, गेली सात वर्षं लिहितोय म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो, भाषा-बिषा नंतर बघू.

जन्म, शिक्षण, नोकरी असं सुरू करू नको, बायोडेटा होतो त्याचा. एक वस्तू धर. अण्णा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा पितळी डबा फळीवर गेला तो कायमचाच. मी त्या डब्यापासून लिहायला घेतलं, कडीला सुतळी बांधलेली होती इथपर्यंत, आणि मग आपोआप आठवलं की त्याच वर्षी सहलीचे पैसे मागितले म्हणून त्यांनी मुस्काटात मारली होती आणि रात्री मी झोपलोय असं समजून माझ्या पायाला खोबरेल चोळत बसले होते.

बहुतेकजण इथेच चुकतात, एकतर देवमाणूस करून टाकतात नाहीतर जुना हिशोब काढतात. मार पण लिही, खोबरेल पण लिही, समजावत बसू नको.

आजच्या आज करायचं:
- आईला, आत्याला फोन लाव, बोलणं रेकॉर्ड कर. मी आत्याचं उद्या उद्या करत राहिलो, ती गेली.
- त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरव.
- बहिणीची आठवण वेगळी निघेल, वाद घालू नको, तीही लिहून घे.

मधेच रडू येईल, येऊ दे. दहा ओळी झाल्या की पाठव, मी वाचतो.