प्रकाशनांची यादी कशी वाचावी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू माझ्याकडे ठेवून गेलेली प्रकाशनांची यादी मी दोनदा वाचली. मेंदूचे इमेजिंग आणि गणिती प्रतिमाने (मॉडेल) अशा दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या या संशोधकांकडे पीएच.डी.साठी अर्ज करावा का, असे तू विचारले आहेस आणि निबंधांची व उद्धरणांची (इतरांनी त्या निबंधांचा दिलेल्या संदर्भांची) एकूण संख्या लाल शाईने अधोरेखित करून आणली आहेस. त्या संख्येवर मी फारसे बोलणार नाही. तुमच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत येणारा व्यापारी घड मोजत बसत नाही. दोन मणी तोडतो, रस गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो आणि मगच भावाचे बोलतो, हे तुला मी सांगायला नको.

आधी लेखकांचा क्रम पाहा. गणितात नावे बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने छापतात, त्यामुळे तिथे पहिले असण्याला काही अर्थ नसतो. मेंदूविज्ञानात मात्र पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. दोन्हीकडे लिहिणाऱ्या माणसाची निवड समितीपुढे पुष्कळदा दोन घरच्या पाहुण्यासारखी गत होते. तू तरी प्रत्येक नोंद कोणत्या नियतकालिकातली आहे हे पाहूनच क्रमाचा अर्थ लाव. मी स्वतः आणखी एक गोष्ट शोधली: गेल्या काही वर्षांत पहिल्या जागी कोणकोणते विद्यार्थी आले आणि त्यांतले कोणी पुढे स्वतंत्र निबंध लिहू लागले का. गाईड विद्यार्थ्याला वाढू देतो की नाही, हे मुलाखतीपेक्षा इथे लवकर कळते.

मग निबंधांतील पद्धतीचा भाग उघड. तेच स्वयंसेवक, तोच स्कॅनर, तेच मोजमाप आणि शीर्षके मात्र चार, असे आढळले तर त्या चार नोंदी एकच समज. हे मी अनुभवाने लिहितो आहे. बढतीच्या गुणांसाठी एका निष्कर्षाचे तीन निबंध मी स्वतः केले होते. गुण मिळाले, पण त्यांतला एकही आज मला पुन्हा वाचवत नाही.

खरी पारख मात्र गणित आणि स्कॅन यांच्या सांध्यावर आहे. फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारे स्कॅन, चेतापेशींची हालचाल थेट मोजत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेला, रक्तातील ऑक्सिजनवर अवलंबून असणारा संकेत ते मोजते आणि तो संकेत उद्दीपनानंतर सुमारे पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. म्हणजे पेशी आणि पडद्यावरचा रंगीत ठिपका यांच्यामध्ये प्रतिमान हवेच. १९९८ मधील बक्स्टन आणि सहकाऱ्यांचे रक्तप्रवाहाने शिरा कशा फुगतात ते मांडणारे ‘बलून’ प्रतिमान किंवा २००३ मधील फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांचे मेंदूचे भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात ते अंदाजणारे ‘डायनॅमिक कॉझल मॉडेलिंग’ याच सांध्यावर उभे आहे. तेव्हा प्रत्येक निबंधाला एकच विचार: प्रतिमान चुकीचे ठरू शकेल अशी कसोटी लेखकाने लावली आहे का, की समीकरणे नुसती शोभेला आहेत?

यादीत एका नोंदीखाली शुद्धिपत्राचा उल्लेख आहे आणि तिथे तू प्रश्नचिन्ह काढले आहेस. ते खोडून टाक. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी दाखवून दिले की, स्कॅनचे विश्लेषण करणाऱ्या प्रचलित सॉफ्टवेअरच्या क्लस्टर-पद्धतीत (शेजारच्या बिंदूंचे पुंजके तपासण्याच्या पद्धतीत) ५ टक्के अपेक्षित असलेले खोटे निष्कर्ष काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत जातात, कारण शेजारच्या बिंदूंमधील संबंधाविषयी गृहीत धरलेला आकार प्रत्यक्ष मोजमापांशी जुळत नव्हता. त्याच निबंधात सुमारे ४०,००० अभ्यासांवर शंका घेणारे वाक्य होते. ते अतिरंजित ठरल्यावर लेखकांनी शुद्धिपत्र छापून तो आकडा मागे घेतला. मूळ निष्कर्ष टिकला. आपली चूक स्वतःच्या यादीत उघडपणे मांडणाऱ्या माणसाकडे मी तुला अधिक निश्चिंतपणे पाठवीन.

कमी उद्धरणांच्या ज्या दोन गणिती निबंधांवर तू फुली मारली आहेस, त्यांबद्दलही सांगतो. अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराच्या आतील छेद उभा करण्याचे गणित १९६३ आणि १९६४ मध्ये छापले, तेव्हा जवळपास कोणीच दखल घेतली नाही; प्रत मागणारे सर्वांत मजेशीर पत्र आले ते स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राकडून! सीटी स्कॅनमागच्या त्याच गणितासाठी १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. प्रत्येक दुर्लक्षित निबंधाचे असे होत नाही, हे उघड आहे, पण न वाचता फुली मारू नये.

त्या दोहोंपैकी जुना निबंध मी छापून काढला आहे. तिसऱ्या पानावरचे समीकरण तू स्वतः सोडवून बघ, सीमा-अटी कुठून आल्या ते मला अजून नीट उमगलेले नाही. येत्या रविवारी वही घेऊन ये. अर्जाचा मसुदा त्यानंतर लिहू.

तुझा,
सर